मुलाणी काय पुटपुटतो?

मला तीस वर्षं पगार मिळाला तो संशय घेण्याचा. शेतकऱ्याला पीक दाखवता येतं, मास्तरांना शिकून मोठे झालेले विद्यार्थी दाखवता येतात. मी काय दाखवू? अमुक गावात भांडण पेटलं नाही ते माझ्यामुळं, असं मी म्हटलं तर तुम्ही तोंडावर मान डोलवाल आणि माझी पाठ वळली की हसाल.

प्रत्येक पोलीस ठाण्याचा एक माणूस साध्या कपड्यांत फिरत असतो. त्याला गोपनीय अंमलदार म्हणतात. नाव गोपनीय, पण गावातल्या शेंबड्या पोरालाही तो ठाऊक असतो. मी हॉटेलात शिरलो की चाललेलं बोलणं थांबायचं आणि लोक एकदम पावसापाण्याच्या गोष्टी करायला लागायचे. माझं काम एवढंच, की कुठं काय शिजतंय याचा आधी वास घ्यायचा आणि साहेबांना कागदावर कळवायचं. मिरवणूक कुठल्या गल्लीतून जाणार, उरुसाला बाहेरून कोण येणार, दिवाळीआधी तेरखेड्याहून फटाक्यांचे टेम्पो कुठं निघाले, येडशीच्या स्टेशनवर अनोळखी माणसं उतरली ती कुणाकडं गेली. या सगळ्यासाठी चहा प्यावा लागतो. दिवसाला पंधरा-सोळा कप. माझ्या पोटाचं जे काही वाटोळं झालंय ते सरकारी कामात झालंय, पण त्याचा भत्ता नाही.

या कामात एक वाक्य फार उपयोगी पडतं. 'अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही.' हे लिहिलं की माणूस सुटला. काही घडलं तर आपण आधीच कळवलं होतं. नाही घडलं तर आपण कळवलं म्हणूनच घडलं नाही. हे वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही, आणि ते वाचून पुढं कुणाचं काय झालं याची चौकशी मी कधी केली नाही. एकदाच करावी लागली. ती गोष्ट सांगायचीय.

पण आधी माझा स्वभाव सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्दीवाला घरी येऊन वर्दी तरी उतरवतो. मला उतरवायला काही नव्हतंच. घरात शिरलो की माझी नजर आधी मोरीत जायची. मोरीत तीन कप दिसले की एक तिचा, एक शेजारणीचा, मग तिसरा कुणाचा? बायकोनं, सुमननं, फोन ठेवला की कुणाचा होता? दाराबाहेर चप्पल सरकवलेली का दिसते? सुमन पहिल्यांदा चिडायची, मग रडायची, पुढं पुढं तिनं मी विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. मला वाटायचं, संसार सुधारला.

पुढं मी धाराशिवला जिल्ह्याच्या शाखेत आलो आणि माझ्या वाट्याला देवाधर्माचे अर्ज फार यायला लागले. इतकी वर्षं ते वाचून मी एवढंच शिकलो, की माणसाला स्वतःचा देव घरातून कळतो आणि दुसऱ्याचा देव चहाच्या टपरीवर. बांगेत रोज अकबर बादशहाचं नाव घेतात, असं आमचे एक साहेब छातीठोकपणे सांगायचे. दुसऱ्या एका नव्या साहेबांना उमरग्याकडच्या एका गावात कळलं, की काल वारलेल्या माणसाला जाळलं नाही, बसवून पुरलंय आणि गळ्यात एक चांदीची डबीही पुरलीय. साहेब ताडकन उठले. पुरावा दडवलाय म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, लिंगायत मंडळी आहेत. त्यांचा देव जन्मभर गळ्यात असतो, तळहातावर घेऊन पूजा करतात. मेल्यावर त्याला कुणाकडं ठेवायचं?" साहेब खाली बसले, पण डबीत दुसरं काही नव्हतं हे कशावरून, असं दोन दिवस विचारत राहिले.

एकदा अर्ज आला, की अमुक कॉलनीत दर रविवारी दार लावून पाच-सहा घरची माणसं जमतात आणि देवाचं रक्त पितात. मी गेलो. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका सिस्टरांचं घर होतं. ख्रिस्ती बाई. त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन बाटलीच पुढं ठेवली. मी वास घेतला, मग जीभ लावली. काळ्या द्राक्षांचं सरबत. पाव म्हणजे बेकरीतला. त्या म्हणाल्या, "तो आमच्यासाठी मेला, त्याची आठवण म्हणून एक घोट घेतो. तुम्ही श्राद्धाला कावळ्याला घास ठेवता, तेव्हा आजोबा कावळा झाले असं समजता का?"

मी म्हटलं, "थोडंफार समजतो."

त्या इतक्या हसल्या, की मला बाटलीतलं उरलेलं सरबत पाजूनच सोडलं. तरी परत येऊन मी रिपोर्टात ते वाक्य टाकलंच. नाकारता येत नाही. सवय.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना भूम तालुक्यातल्या एका गावाचा निनावी अर्ज आला. गावाचं नाव सांगत नाही, आणि तुम्ही ओळखलंत तर ओळखलं नाही असं दाखवा. त्या गावाच्या माळावर माळाई देवीचं ठाणं आहे. माघात यात्रा भरते आणि नवसाची बकरी कापतात. ती कापतो गावचा मुलाणी. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडं गावोगाव मुलाण्याचं एखादं मुसलमान घर असतं. गावातलं कोंबडं-बकरं त्यानं कापायचं, देवीच्या यात्रेतलंसुद्धा, ही जुनी रीत. त्याबद्दल त्याला मटणाचा वाटा मिळतो, आणि वाट्यापेक्षा मोठा असतो तो मान. यात्रेतली पहिली सुरी त्याची.

अर्जात लिहिलं होतं: 'सदर मुलाणी सुरी धरून बराच वेळ काहीतरी पुटपुटतो. त्यायोगे आमच्या देवीस दिलेले बकरे तो परस्पर स्वतःच्या देवास चढवितो व तेच आम्हांस प्रसाद म्हणून खावे लागते. तरी चौकशी व्हावी.' सोबत मोबाईलवर फिरणारी क्लिपही होती. पांढऱ्या दाढीचा म्हातारा एका गुडघ्यावर बसलाय, डावा हात बकऱ्याच्या मानेवर, आणि ओठ हलताहेत. मी आवाज मोठा करून फोन कानाला लावला. हलगी आणि बकरं, दुसरं काही ऐकू येईना.

साहेब म्हणाले, "तुमची सासुरवाडीच ना ती? जा, पाहुणचार घ्या आणि चौकशीही करा."

सासुरवाडीत चौकशीला जाणं म्हणजे एका हाती पाट आणि एका हाती काठी. गावात पाय ठेवला तोच डोक्यात संशयितांची यादी सुरू झाली. आमच्या धंद्याचा अनुभव असा, की धर्माच्या अर्जाखाली उकरलं तर बांध निघतो, नाहीतर गटार निघतं, नाहीतर पंचायतीची निवडणूक. अक्षर वळणदार होतं आणि 'त्यायोगे' असा शब्द होता, म्हणजे लिहिणारा सरकारी कागद वाचणारा. मी मास्तरांवर संशय घेतला, ग्रामसेवकावर घेतला, पडलेल्या सरपंचावर तर घेतलाच. माझा मेहुणा भास्कर यात्रा कमिटीचा अध्यक्ष होता. त्यानं माझ्यासाठी कोंबडं केलं. कुणी कापलं म्हणून विचारलं तर म्हणाला, "अमीनचाचांनी. दुसरं कोन कापनार, दाजी?" अर्ज ज्याच्याविरुद्ध होता त्यानंच कापलेलं कोंबडं खाऊन मी चौकशीला निघालो.

देवळात गुरवाला विचारलं, की बकरं नक्की कुणाला पोचतं? तो म्हणाला, "देवी नुसती भावना बघती, जमादार. मटान खानारे आपन. आजपातूर देवीनं एक बोटी कमी केलेली न्हाय."

अमीनचाचा ओसरीवर बाज विणत बसले होते. वय सत्तरीच्या पुढं. सुमन लहान असताना तिला खांद्यावर घेऊन यात्रेत फिरवलेला माणूस. मला पाव्हणं म्हणायचे.

मी सरळ विचारलं, "चाचा, बकरं कापताना तुम्ही काय म्हणता?"

"बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर. दुसरं काय म्हनायचं?"

"म्हणजे बकरं अल्लाला दिलं?"

ते हसले. सुतळी दातात धरून गाठ मारली आणि म्हणाले, "अल्लाला मटान लागत न्हाय, पाव्हणं. रगत बी लागत न्हाय. जीव त्यानं दिल्याला. तो घेनारा म्या कोन? म्हनून त्याला इचारून घ्यायचा. नाव घेतो ते इजाजतीचं हाय, दुसरं काय न्हाय. नवस तुमचा, देवी तुमची, रस्सा तुमचा."

"तुमच्यातलं कुणी काही म्हणत नाही? देवीपुढं बसता म्हणून?"

"म्हनत्यात की. आमचा एक पुतन्या म्हनतो, चाचा, तुमी मूर्तीम्होरं गुडघा टेकता, तुमचं इमान गेलं. अर्जवाला म्हनतो, म्या तुमचं बकरं पळिवलं. दोघांचं बी खरं धरलं तर म्या कुटलाच न्हाय राहिलो."

मला ते पटलं. पण पटलं की मी जास्त सावध होतो. मी म्हटलं, "चाचा, बिस्मिल्ला म्हणायला दोन सेकंद लागतात. क्लिपमध्ये तुमचे ओठ अर्धा मिनिट हलतायत."

त्यांचा हात बाजेवर थांबला. "ते सांगन्यासारखं न्हाय."

"मी पोलीस म्हणून विचारतोय."

"म्हनूनच न्हाय. आन तुमाला तर मुळीच न्हाय, पाव्हणं."

त्यांनी मला चहा दिला, दारापर्यंत पोचवायला आले, सुमनची खुशाली विचारली, पण त्यापुढं एक शब्द बोलले नाहीत. मी रस्त्यानं येताना मनाशी म्हणालो, पाणी मुरतंय. ज्याला लपवायचं काही नाही तो गप्प कशाला बसेल? 'तुमाला तर मुळीच न्हाय' म्हणजे काय? पोलिसाला नको, की हिंदूला नको? त्या रात्री मी रिपोर्ट लिहिला: 'सदर इसम कशाचे पठण करतो याचा समाधानकारक खुलासा देत नाही. अनुचित प्रकार घडण्याची शक्यता नाकारता येत नाही. सावधगिरी म्हणून यंदा पर्यायी व्यवस्था करणेबाबत यात्रा कमिटीस सूचित व्हावे.'

सूचित झालं. त्या वर्षी तालुक्याहून दुसरा माणूस आणला. चार पिढ्यांत पहिल्यांदा अमीनचाचांच्या घरची सुरी माळावर गेली नाही. यात्रेच्या दिवशी ते सकाळच्या एसटीनं भूमला गेले आणि दिवसभर स्टँडवरच्या बाकड्यावर बसून राहिले, असं कंडक्टरनं मला नंतर सांगितलं. बाजार नव्हता, काम नव्हतं. संध्याकाळच्या गाडीनं परत आले.

मी बंदोबस्ताला माळावरच होतो. एक गोष्ट डोळ्यात भरली. बऱ्याच बायका बकरं घेऊन आल्या, तो नवा माणूस पाहिला, देवीला नारळ फोडला आणि बकरं तसंच दोरी धरून परत नेलं. घरचे पुरुष ओरडत होते, "आगं, आता न्हेतीस कुटं?" बायका उत्तर देत नव्हत्या. मला लगेच संशय आला, की यांना कुणीतरी फूस लावलीय. बहिष्काराचा प्रकार दिसतो, असं मी चिठ्ठीवर टिपूनही घेतलं. त्या बायकांत माझी सुमन होती. माहेरचं बकरं तिच्याही हातात होतं.

धाराशिवला परत आल्यावर चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढलं आणि समोर बसली.

"अर्जाची चौकशी तुमी केली?"

"कामाचा भाग होता."

"चाचा काय पुटपुटत्यात ते कळलं का?"

"तो सांगतच नाही."

"मला इचारायचं होतं. चार पावलांवर सैपाकघर हाय आपलं."

"तुला काय माहीत?"

"गावातल्या सगळ्या बायांना माहीत हाय. फकस्त गड्यांना न्हाय."

मग तिनं सांगितलं. त्या गावात बायकांची एक रीत आहे. नवसाचं बकरं पुढं आणलं, की घरची बाई वाकून मुलाण्याच्या कानात आपलं दुखणं सांगते. एक-दोन वाक्यं; बघणाऱ्याला वाटावं, दोरी हातात देतेय. मुलाणी सुरी धरतो आणि कापायच्या आधी ते तसंच्या तसं वर सांगतो, आपल्या बोलीत, आपल्या देवाला: ही अमकीची लेक, हिचं असं असं आहे, बघ बाबा. मग बिस्मिल्ला. तिच्या आजीच्या काळापासूनची रीत.

मी म्हटलं, "देवीला सांगताच की तुम्ही. मग त्याच्या कानात कशाला?"

"देवीपाशी गुरव उभा असतो. त्याची बायको माझ्या चुलतीची भाची. देवीम्होरं तोंड उघडलं की दिवस मावळायच्या आत गावभर. चाचांच्या घरी आपली सोयरीक न्हाय, भावकी न्हाय. त्यांच्या कानात पडलं ते खाली कुटं जात न्हाय. जातं ते वरच."

"पण त्यांचा देव वेगळा ना."

"बाईमाणसाचं ऐकून घेनारा माणूस मिळाला, तर त्यो कुटल्या देवाचा ते कशाला इचारायचं?"

इतकं ऐकल्यावर दुसऱ्या कुणाला वाईट वाटलं असतं. मी विचारलं, "तू काय सांगतेस त्यांना?"

सुमननं माझ्याकडं सरळ पाहिलं. "बारा वरसं एकच सांगते. माझ्या मालकाच्या डोक्यातला संशय जाऊ दे."

जेवण तिथंच थांबलं. मला लाज वाटली. अमीनचाचा मला का सांगू शकत नव्हते ते कळलं, आणि मी त्यांच्या गप्प बसण्याचं काय केलं तेही कळलं. पण सगळं खरंच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगतो. मनात पहिला विचार आला तो असा, की बारा वर्षांपूर्वी नेमकं काय घडलं होतं म्हणून हिनं हे सुरू केलं? मी तो गिळला. सुमनला दिसलाच असणार. तिला सगळं दिसतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांकडं जाऊन म्हटलं, माझा रिपोर्ट चुकलाय, दुरुस्त करायचाय. साहेबांनी कारण विचारलं. कारण सांगायचं तर घरातलं सांगावं लागणार. मी गुळमुळीत काहीतरी बोललो. साहेब म्हणाले, "गेलेला कागद परत येतो का? आणि यात्रा शांततेत झाली की नाही?" झाली होती. आमच्या खात्यात तेवढं पुरतं.

पुढच्या वर्षी यात्रेआधी पंचांची बैठक भरली तेव्हा मी सुट्टी टाकून गेलो, सुमनला घेऊन. सभामंडपात पंच आणि गावची पुरुषमंडळी, भास्कर मधोमध, बायका दाराजवळ. अमीनचाचा सगळ्यात मागं खांबाला टेकून. त्यांना बोलावणं नव्हतं, पण ते आले होते. वर्षभरात निम्मे झालेले दिसले. यंदाही माळावर परका माणूस आला तर त्यांच्या हयातीत तो मान पुन्हा त्यांच्या घरात यायचा नाही, हे तिथं सगळ्यांना कळत होतं.

मी उभा राहून म्हणालो, "मी चौकशी केली होती. चाचांचं काही चुकीचं नाही. मी चुकीचं लिहिलं. त्यांचा मान त्यांना द्या."

भास्कर म्हणाला, "मग त्यो काय पुटपुटतो ते सांगा, दाजी. येवढं कळलं की इषय मिटला."

मी अमीनचाचांकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. नको. ज्यांचं ते गुपित होतं त्या बायका खाली बघत होत्या. मला फक्त माझ्याच घरातलं सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाचं नाही. 'माझ्या बायकोनं माझ्याबद्दल मागणं घातलं होतं', एवढं एक वाक्य. गोपनीय खात्यात इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरातलं कागदावर मांडत आलो आणि स्वतःच्या घरातलं एक वाक्य तोंडातून निघेना. सासुरवाडी, डोक्याला फेटा, समोर मेहुणा. मी घसा खाकरला आणि खाली बसलो.

तेव्हा दाराजवळून सुमन उठली.

"म्या सांगते," ती म्हणाली. "म्या ह्या गावची लेक. चाचा माझं सांगनं वर सांगत्यात. माझा नवरा लई संशयी हाय, त्याचा संशय जाऊ दे, असं माझं सांगनं हाय. बारा वरसं झाली. बाकीच्या बायांचं काय हाय ते मला म्हाईत न्हाय आन तुमी बी इचारू नका. चाचांनी कुनाचं बकरं चोरल्यालं न्हाय. तुमच्या घरातलं वझं तेवढं ते उचलत्यात."

मी जमिनीकडं बघत होतो, पण सवयीनं डोळा भास्करकडं गेला. तो आपल्या बायकोकडं बघत होता. वहिनीचा पदर पार नाकापर्यंत आला होता. मास्तर नाही, ग्रामसेवक नाही, सरपंच नाही. वर्षभर माझ्या यादीत नसलेला एकच माणूस होता, कारण त्यानं मला कोंबडं खाऊ घातलं होतं. अर्ज आपणच केला, हे नंतर गोठ्याशी गाठल्यावर त्यानं कबूल केलं. "मला देवाचं काय न्हाय, दाजी. ही दर साल त्याच्या कानाला लागून काय सांगती, येवढंच पायजे व्हतं. घरात इचारलं तर म्हनती काय न्हाय." माझ्याच जातीचा निघाला.

बैठकीत मान अमीनचाचांना परत मिळाला. एक पंच म्हणाले, पुन्हा कुणाला शंका नको, तेव्हा चाचांनी जे म्हणायचं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणावं, आणि तेवढंच म्हणावं. सगळ्यांना ते रास्त वाटलं. मलाही वाटलं. मी मान डोलावली, हे लपवत नाही. पोलीस माणसाला उघड्यावर होणारी गोष्ट बरी वाटते.

संध्याकाळी अमीनचाचांच्या ओसरीवर जाऊन पाया पडलो. त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. मी म्हटलं, "चाचा, माझ्यामुळं तुमचा मान गेला."

"मान आला की परत. तुमी रिपोट लिवला ते तुमचं काम. मला वाईट येगळ्याच गोष्टीचं वाटतं." त्यांनी मला बाजेवर बसवलं. "बारा साल तुमच्यासाठी मागतोय, पाव्हणं. काय बी फरक न्हाय. मला वाटाय लागलंय, आपलाच आवाज वर जात नसंल."

ते चेष्टा करत होते की नाही ते मला ठरवता आलं नाही.

यात्रेच्या दिवशी पहिली सुरी त्यांची झाली. हलगी थांबवली होती, लोकांनी मोबाईल वर धरले होते. अमीनचाचा एका गुडघ्यावर बसले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर." दोन सेकंद. पुढचं बकरं, दोन सेकंद. बायका बकरं आणायच्या, दोरी हातात द्यायच्या आणि मागं सरायच्या. एकही वाकली नाही. वाकली असती तर चाळीस नवऱ्यांनी पाहिलं असतं आणि रात्री घरी विचारलं असतं. वहिनी तर देवळाच्या पायरीवरून खालीच उतरली नाही. पंच खूश होते. यंदा काम भराभर उरकलं, असं एकजण मला सांगून गेला.

मी बाजूला उभा राहून ते पाहत होतो. माझ्यानं पाहवेना. त्या अर्ध्या मिनिटात या गावातल्या बायका पिढ्यान्पिढ्या काय काय ठेवून जात होत्या देव जाणे, आणि मी एका कागदावर तीन ओळी लिहून ती जागा बुजवून टाकली होती.

दुपार कलल्यावर गर्दी पांगली. अमीनचाचा सुरी धुऊन लिंबाखाली एकटे बसले होते. सुमन उठली, सगळ्यांसमोरून चालत त्यांच्याकडं गेली, वाकली आणि त्यांच्या कानाशी बोलू लागली. नेहमीच्या एका वाक्यापुरतं नाही. बराच वेळ. चाचा डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. ती परत येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. एसटी आली, आम्ही बसलो, धाराशिव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती.

तिनं काय सांगितलं ते मी विचारलं नाही. त्याला आता काही वर्षं झाली, चाचाही राहिले नाहीत, अजून विचारलेलं नाही. पण विचारावंसं मात्र रोज वाटतं.